नऊ टक्के स्वस्त की चौदा?

शुक्रवार हा म्हापशाच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी आमच्या शाखेत पासबुकाच्या रांगेत माणसांपेक्षा पिशव्याच जास्त दिसतात. कर्जाच्या टेबलाकडे मात्र कोणी फिरकत नाही. तरी बाराच्या सुमारास एक पायलट आले. (गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, मोटरसायकलवरून भाडं मारणाऱ्यांना आमच्याकडे पायलट म्हणतात.) पन्नाशीचे गृहस्थ, पेडण्याकडचे. जुन्या गाडीचं इंजिन गेलं होतं, नवी घ्यायची होती, आणि खिशात कुठल्याशा फायनान्सवाल्यांचं पत्रक होतं.

"मॅडम, तुम्ही चौदा टक्के घेता. हे नऊला देतात. बँकच असं लुटायला लागली तर सावकारानं काय करायचं?"

मी पत्रक पाहिलं. एक लाख रुपये, मुदत तीन वर्षं, व्याज ९ टक्के, हप्ता ३,५२८. नऊच्या आकड्याशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत 'फ्लॅट' असं छापलेलं. मी काही बोलायच्या आतच त्यांनी हिशेब मांडला. "मराठी शाळेत शिकलो मी. द.सा.द.शे. नऊ. लाखाला वर्षाचे नऊ हजार, तीन वर्षांचे सत्तावीस. तुमचे चौदानं बेचाळीस. बरोबर ना?"

सत्तावीस अगदी बरोबर होते. त्यांचे गुरुजी असते तर पाठ थोपटली असती. सरळव्याजाचं ते सूत्र आपण सगळेच घोकलेलो आहोत, पण त्या उदाहरणांतला कर्जदार मुद्दल तीन वर्षं स्वतःजवळ ठेवतो आणि शेवटी एकदम फेडतो. हप्ता भरणारा माणूस त्या पुस्तकात कधी आलाच नाही.

"बाब, हे लाख रुपये तीन वर्षं तुमच्याकडेच राहणार काय?"

"राहतील कसे? दर महिन्याला हप्ता जाणार."

"मग परत केलेल्या पैशांवरही व्याज का द्यायचं?"

ते गप्प झाले. मी डिपॉझिटची कोरी स्लिप उलटी केली आणि दोन रकाने आखले. त्यांच्या फायनान्सवाल्यांचं व्याज दर महिन्याला ठरलेलं, ७५०. आमचं पहिल्या महिन्याचं १,१६७. हे पाहून ते हसलेच, "बघा, सांगत होतो ना!" हसणं रास्त होतं. पहिल्या ओळीवर थांबलं तर आम्हीच लुटारू. पण आमचं व्याज शिल्लक मुद्दलावर, त्यामुळे हप्त्यागणिक ते उतरत जातं आणि छत्तिसाव्या महिन्यात ३९ रुपयांवर येतं. त्यांचं तेव्हाही ७५०, कारण 'फ्लॅट' म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण लाखावर व्याज. लाखाचे छत्तीस समान भाग केले तर शेवटच्या महिन्यात मुद्दल उरतं जेमतेम २,७७८. त्यावर एका महिन्याचं व्याज साडेसातशे, म्हणजे शेकडा सत्तावीस. महिन्याला! एवढा दर कुठला सावकारही तोंडावर सांगणार नाही.

आमचा हप्ता ३,४१८. तीन वर्षांचं एकूण व्याज २३,०३९, बेचाळीस हजार नव्हेच. चौदा टक्क्यांत तेवीस हजार आणि नऊ टक्क्यांत सत्तावीस हजार. त्यांनी माझा कॅल्क्युलेटर ओढून घेतला आणि ३,४१८ गुणिले ३६ स्वतः करून पाहिलं. मग पुन्हा एकदा. रांगेतल्या दोघी-तिघी पिशव्या खाली ठेवून टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

फ्लॅटचे नऊ टक्के शिल्लक मुद्दलाच्या पद्धतीत मोजले तर सव्वासोळा होतात. पण पत्रकावर आणखी एक ओळ होती, प्रोसेसिंग फी २ टक्के. ती मात्र त्यांनी तोंडीच सोडवली. "लाखाला दोन हजार. वर जीएसटी अठरा, म्हणजे शंभराला अठरा, हजाराला एकशे ऐंशी, दोन हजारांना तीनशे साठ. हे आधीच कापणार?" हो, आधीच. हातात ९७,६४० आणि हप्ता मात्र पूर्ण लाखाचा. हेही धरलं की खरा दर जवळजवळ अठरावर जातो, पत्रकावरच्या आकड्याच्या दुप्पट. आमची फी ५०० आणि जीएसटी ९०. ती मी लपवली नाही, आणि हिशेबात धरलीही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या मुख्य गोष्टी मांडलेला कागद) द्यावं लागतं, आणि सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर त्यात लिहावा लागतो. तो कागद फायनान्सवाल्यांकडून मागून घ्या, असं मी त्यांना सांगितलं. पत्रक रस्त्यावर वाटतात आणि तो कागद सहीच्या वेळी पुढे येतो, तेव्हा कोण वाचतंय, ही माझी स्वतःची कुरकुर.

इथवर मला वाटलं, झालं, आता अर्ज भरतील. ते स्लिपकडे पाहत राहिले. मग विचारलं, "तुमचं कर्ज हातात कधी येणार?"

आठ दिवस, मी म्हटलं. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

"ते आज संध्याकाळी देतात." त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या रकान्यांखाली तिसरा हिशेब सुरू केला. व्याजातला फरक ३,९६१, फीचा १,७७०, मिळून ५,७३१ वाचणार. पेट्रोल जाऊन दिवसाचे सहाशे सुटतात, गाडीविना आठ दिवस म्हणजे ४,८०० गेले. "राहिले किती? नऊशे एकतीस. त्यासाठी आठ दिवस स्टँडवर दुसऱ्यांची भाडी मोजत बसू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टक्क्यांत आम्ही जिंकलो होतो, दिवसांत हरत होतो. मी स्लिप उचलली आणि थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी तिन्ही हिशेब वाचले, घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "कागदपत्रं आहेत सगळी?" होती. प्लास्टिकच्या पिशवीत, लायसन्सपासून लाईट बिलापर्यंत. "मग मंगळवारी करू."

बाहेर येऊन सांगितलं तर पायलटांनी मान हलवली.

"सोमवारी."