पंखा बंद करू का?

मासिकाचा प्रतिनिधी दिवाळी अंकासाठी मुलाखत घ्यायला घरी येतो, टीपॉयवर फोन ठेवतो, रेकॉर्डिंग सुरू करतो आणि म्हणतो, "पंखा बंद केला तर चालेल ना?" तोवर बरा असलेला माणूस इथून घामेजायला लागतो. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पण फराळ दिवाळीचा असला तरी या अंकांची भट्टी पावसाळ्यातच पेटते. म्हणजे बाहेर पाऊस, खिडक्या बंद आणि वर पंखाही नाही!

त्याचंही खरं असतं. फोनच्या माइकवर वारा आला की फडफड होते आणि 'स' पुसला जातो. मग 'साठ'चे 'आठ' होतात. पंखा एकवर ठेवावा, फोनखाली नॅपकिनची घडी घालावी, कारण काचेचं टीपॉय पेल्याचा प्रत्येक धक्का त्याच्यापर्यंत पोचवतं. कुकर आधीच उतरवलेला बरा.

आता जीभ अडखळण्याची भीती. सहज बोलताना मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात, तासाभरात सात-साडेसात हजार. छापायची जागा दीड-दोन हजारांची. उरलेलं जातं कुठे? कात्रीत. 'म्हणजे', 'काय आहे ना', अर्धवट सोडलेली वाक्यं, सगळं तिथेच संपतं. अडखळणं छापून येत नाही. पण हसू आणि डोळा मिचकावणंही छापून येत नाही, आणि खरी गोम तिथे आहे. "आमचे सर म्हणजे हिटलरच!" हे प्रेमाने म्हटलेलं असतं, छापल्यावर प्रेम गळतं आणि हिटलर तेवढा उरतो, बहुतेक ठळक अक्षरांत. चेष्टेवारी जपून.

दुसरी गोम शांततेची. उत्तर संपतं, समोरचा वहीत बघतो. चार-पाच सेकंदच जातात, पण नवख्याला युगासारखी वाटतात. मग ती भरायला तो नको ते बोलतो: संस्थेतलं भांडण, भाऊबंदकी, कोणाचं किती मानधन. समोरचा डाव टाकत असतो असं नाही. बिचारा पुढचा प्रश्न शोधत असतो. अशा वेळी पाण्याचा घोट घ्यावा. पेला हाताशी हवा, तो त्यासाठीच.

उत्तरं पाठ मात्र करू नयेत. तिसरा प्रश्न पहिला आला की पाठांतराची गाडी रुळावरून घसरते, आणि नाही घसरली तरी छापून भाषण येतं. त्याऐवजी अर्धा कागद पुरतो: सालं, संस्थांची पूर्ण नावं, माणसांच्या नावांतले ऱ्हस्व-दीर्घ, गावं तालुक्यासकट. नुसतं 'वडगाव' सांगून भागत नाही. मावळातलं की बुद्रुक, ते लिहावं. निघताना तो कागद त्याच्या हातात द्यावा. सगळा मजकूर छपाईआधी दाखवायला बरेच संपादक राजी नसतात, पण नावं आणि सालं तपासून द्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

रेकॉर्डिंग थांबलं की खांदे सैल होतात आणि दारात चपला घालता घालता खरी मुलाखत सुरू होते. तेही तो ऐकत असतोच. "हे छापू नका हं" हे बोलण्याआधी सांगून त्याचा होकार घ्यायचा असतो. बोलून झाल्यावर ती नुसती विनंती उरते.

आणि जरा त्याच्याकडेही पाहावं. दर दोन मिनिटांनी तो फोनकडे डोकावतो. ते कंटाळून नव्हे. मध्येच कोणाचा फोन आला की काही फोनमध्ये रेकॉर्डिंग तुटतं, आणि तासाभराचं बोलणं परत मागायला तोंड राहत नाही. 'फ्लाइट मोड लावलाय ना?' असं आपणच विचारलं तर त्याचाही जीव भांड्यात पडतो. मग चहा विचारावा, फक्त कपबशी फोनपासून लांब ठेवावी.