पत्रास कारण की

गेली ११ वर्षे मी पुण्यात तांत्रिक लेखन करते. पंपांच्या, वजनकाट्यांच्या आणि कारखान्यातल्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. कर्वेनगरमधल्या एका फ्लॅटमध्ये पाच जण मिळून व्हिडिओ गेम बनवत होते, आणि परदेशातल्या एका पब्लिशरला पाठवायचे इंग्रजी पत्र मी लिहून द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

पब्लिशर म्हटले की आपल्याला छापखाना आठवतो. या धंद्यातला पब्लिशर गेम पूर्ण होण्याआधी पैसे देतो, तेही ठरलेले टप्पे पार पडतील तसे हप्त्याहप्त्याने. गेम विकला जाऊ लागला की स्टीमसारखे गेम विकणारे ऑनलाइन दुकान साधारण ३० टक्के कापून घेते, उरलेल्यातून पब्लिशर आधी स्वतःची रक्कम वसूल करतो आणि त्यानंतर बनवणाऱ्यांचा वाटा सुरू होतो. त्यामुळे आलेली पत्रे चाळायला बसलेला माणूस गेम किती सुंदर आहे हे पाहतोच, पण त्याहून अधिक बारकाईने हे पाहतो, की ही माणसे काम तडीस नेतील का.

गेमची कल्पना मात्र खरोखर सुरेख होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १८व्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधीव नळाने पाणी आणले गेले. नळात कोंडलेली हवा सुटावी आणि दाब आटोक्यात राहावा म्हणून वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधले होते. या गेममध्ये तुम्ही त्या नळात उतरलेले कामगार असता. एका उच्छ्वासापासून दुसऱ्यापर्यंत पाणी आणि हवा यांचा मेळ घालत पुढे सरकायचे. अंधारात दूरवर पाणी ठिबकल्याचा आवाज त्यांच्या ध्वनिकाराने असा साधला होता की हेडफोन काढल्यावरही मी स्वयंपाकघरातला नळ बघून आले.

या पाच जणांच्या स्टुडिओच्या मालकांनी लिहिलेला पहिला खर्डा ९०० शब्दांचा होता आणि त्यातले पहिले ३०० शब्द पुण्याच्या वैभवशाली परंपरेवर खर्ची पडले होते. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेल्या आणि २०२० साली आलेल्या ‘राजी’चा उल्लेख हवाच, असा त्यांचा आग्रह होता. एका शहरात बनले म्हणून दोन गेम सारखे ठरत नाहीत, ‘राजी’ हा लढाईचा गेम आहे आणि तुमचा कोड्यांचा, हे त्यांना पटवायला मला दोन दुपारी लागल्या. आपल्या गावाचा अभिमान वाचणाऱ्यालाही असेलच, हे पुणेकरांनी कशावरून गृहीत धरले आहे, ते मला अजून कळलेले नाही.

आपल्या जुन्या पत्रांत ‘सा. न. वि. वि.’ झाले की लगेच ‘पत्रास कारण की’ येत असे. मी तीच रीत धरली. पहिल्या वाक्यात गेमचा प्रकार आणि खेळायला लागणारा वेळ. दुसऱ्यात तो कोणत्या यंत्रावर चालेल. तिसऱ्यात आज किती तयार आहे, म्हणजे पूर्ण दर्जाची ४० मिनिटे. चौथ्यात किती पैसे आणि किती महिने हवेत. त्यांच्या वर सहा सेकंदांचे हलते चित्र, ज्यात उच्छ्वासातून प्रकाशाचा झोत पडतो आणि पाणी चढू लागते, आणि त्यांच्या खाली बिल्डची, म्हणजे खेळून पाहता येईल अशा गेमच्या प्रतीची, लिंक. बिल्ड पत्राला जोडून पाठवायचे नाही, कारण अनोळखी माणसाने पाठवलेली झिप फाइल शहाणा माणूस उघडत नाही. खर्चाच्या तक्त्यात चाचणी, भाषांतर आणि अडीअडचणीची शिल्लक यांच्या वेगळ्या ओळी मी मुद्दाम घालायला लावल्या. सगळे मिळून १९० शब्द झाले, आणि इतके नेटके पत्र माझ्या हातून क्वचितच उतरले असेल.

पाठवण्याच्या आदल्या रात्री प्रोग्रॅमरचा फोन आला. “ताई, एक ओळ टाका. तिसऱ्या उच्छ्वासानंतर सेव्ह केलं की कधीकधी गेम बंद पडतो आणि सेव्ह जातं. कारण सापडलंय, पण दुरुस्तीला आठवडा लागेल.”

मी ती ओळ लिहिली. आधी बिल्डच्या लिंकखाली ठेवली, मग तिसऱ्या वाक्याला जोडून पाहिली, मग शेवटी नेली. कुठेही ठेवली तरी पत्र लंगडू लागले. ‘पूर्ण दर्जाची ४० मिनिटे’ या शब्दांशेजारी ती फारच वाईट दिसत होती. ‘कधीकधी’ म्हणजे बहुधा नाहीच, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि साडेअकरा वाजता ती काढून टाकली. पंपाच्या पुस्तिकेतून धोक्याची सूचना वाक्याच्या डौलासाठी वगळण्याचे माझ्या मनातही आले नसते. मालकांना मी विचारले नाही. विचारले असते तर त्यांनीही ‘काढा’ म्हटले असते, आणि मग दोष वाटला गेला असता.

उत्तर १२ दिवसांनी आले. अशा पत्रांना बहुतेक वेळा उत्तरच येत नाही, म्हणून ते आल्याचाच सगळ्यांना आधी आनंद झाला. पलीकडच्या बाईंनी पत्राची स्तुती केली होती, पाण्याच्या आवाजाची त्याहून अधिक केली होती, आणि पुढे लिहिले होते की ३५ मिनिटे खेळून झाल्यावर त्यांचे सेव्ह नाहीसे झाले. शेवटी एकच प्रश्न होता: हे तुम्हाला ठाऊक होते का?

मालकांचे मत पडले की ‘नुकतेच लक्षात आले’ असे लिहावे; आठवडा उलटल्यामुळे दुरुस्त बिल्ड तयारच होते. मी नकार दिला आणि पत्र पुन्हा लिहायला घेतले. होय, आम्हाला ठाऊक होते. पहिल्या पत्रात ते सांगायला हवे होते. दुरुस्त बिल्ड सोबतच्या लिंकवर आहे. तीनच वाक्ये. ती मी पहिल्यांदा प्रोग्रॅमरला दाखवली, कारण त्याच्याकडे इतके दिवस मी नीट पाहू शकले नव्हते.

त्याने वाचले आणि पडद्यावर बोट ठेवले. “‘आम्हाला’ कशाला, ताई? आणि सांगायला हवं होतं असं नाही, मी सांगितलं होतं.”

मी ‘आम्हाला’चे ‘मला’ केले, ओळ मीच काढली होती हे एका वाक्यात घातले आणि पत्र पाठवून दिले. त्याला आज २३ दिवस झाले आहेत. मालक रोज सकाळी विचारतात, आणि मी अजून काही आलेले नाही असे सांगते.