दोरा

पंढरीच्या वारीत दिवेघाट, सासवड, जेजुरी सगळं भरभर मागं पडलं, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्या डोक्यात बसलीय ती बरड गाव सोडल्यानंतरची दुपार, धर्मपुरीच्या अलीकडची. दोन्ही टाचांना फोड आणि डाव्या करंगळीखाली एक असा की पाय टेकला की डोळ्यांपुढे काजवे. मी आठवीला घर्षण शिकवतो. ओले मोजे, मऊ पडलेली कातडी, तेच ते घासणं, सगळं पाठ आहे हो, पण कारण माहीत आहे म्हणून फोड कमी दुखत नाही. त्यात माऊलींपेक्षा मोठ्या चेहऱ्यांचे पुढाऱ्यांचे फ्लेक्स, रस्ताभर केळ्यांच्या साली, आणि पुढे एक पोरगा उलटा चालत स्वतःचं रील काढतोय. नुसती चिडचिड. म्हटलं आपण इथे करतोय काय, रेड्याने वेद म्हटले हे पटत नाही, भिंत चालली हेही नाही, नवस तर नाहीच. आईची माळ तेवढी खिशात होती. ती गळ्यात घालवेना आणि घरी ठेवूनही येववेना.

बाभळीखाली बसलो तर शेजारी एक आजी, परभणीकडच्या. "माऊली, बघू पाय." मी नको म्हणेपर्यंत पिशवीतून सुई-दोरा बाहेर. फोडातून दोरा ओवायचा, तो तसाच आत ठेवायचा, पाणी आपोआप झिरपतं. मी म्हटलं आजी, दोरा ठेवला तर जंतू जातील आत, आधी सुई तरी तापवा. त्यांनी खरंच एकाकडून काडेपेटी मागून घेतली. "तुझं बी खरंय लेकरा," म्हणाल्या, आणि सुई लाल करून, गार करून, बोलत बोलत कधी आरपार नेली कळलंच नाही.

बोलणं शेतीचं चाललं होतं. पाऊस पडलाय का तिकडे, विचारलं. "शिडकावा झालाय. पोराला सांगून आले, वीतभर ओल गेल्याबिगर तिफण घालू नगं, उकरून बघ अन् मगच पेर." कृषी खातं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या म्हणतं, ह्या तेच वितीत सांगत होत्या. मी जरा खोचकपणे म्हटलं, मग विठोबाकडे काय मागणार? तर माझ्याकडे बघतच राहिल्या. "पाऊसच की. ओल पोरगा बघतोय, पाऊस कोण बघनार?"

यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

रात्री नातेपुत्याला राहुटीत टॉर्च लावून मी गुपचूप दोरा ओढून काढला, बेटाडीन लावलं, पट्टी केली. सकाळी पाय बराच हलका. वाटेत आजी भेटल्या, "दोरा हाय ना?" मी म्हटलं हो. "बघ, कसा उतार पडला!" असं म्हणून टाळ वाजवत पुढे गेल्या, आणि वीस वर्षं पोरांना पुरावा मागायला शिकवणारा मी गप्प.

पुढच्या रिंगणाला माऊलींचा अश्व धावला, लोक टापांखालची माती कपाळाला लावत होते. मीही वाकलो, लावली, आणि दुसऱ्याच क्षणी टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवायला लागलो. त्याच संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला, हजारो टाळ एका झटक्यात थांबले. काटा आला अंगावर. मग सापडलेल्या वस्तू पुकारायला लागले, एक चष्मा, एक पाकीट, आणि मी उगाच खिशातली माळ चाचपली. आहे ना.

वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग बघूनच बेत सोडला, कळसाला हात जोडले. चंद्रभागेत पाय धुतले तेव्हा करंगळीखाली नवी गुलाबी कातडी आली होती. वाळवंटात तासभर आजींना शोधलं, त्या गर्दीत कुठल्या सापडायला. दोऱ्याचं खरं सांगायचं राहूनच गेलं.