लाईट आली, डिओ गेला आणि माझा रिट्राय

आमच्या वाडीत ट्रान्सफॉर्मर एकच, घरं वीस-बावीस आणि जवळजवळ प्रत्येकाच्या विहिरीवर मोटर. पूर्वी मोटर लावायला कोणीतरी खाली विहिरीवर उतरायचं, आता सगळ्यांनी ऑटो बसवलाय, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. मे महिन्यात नवीन लावलेल्या कलमांना पाणी द्यायचं असतं त्यामुळे सोय मोठी आहे. पण दोन वर्षांपूर्वी रोज एकच प्रकार व्हायला लागला, चार-पाच तास लाईट नाही, मग एकदाची यायची, कोणीतरी ओरडायचं "इली रे इली", आणि मिनिटभरात खांबावरून फाट्कन आवाज, डिओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा खांबावरचा फ्यूज, उडाला. मोटर सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, एकीने काही होत नाही, वीस जणींनी एकदम ओढलं की फ्यूज काय करणार.

वायरमन तिसऱ्यांदा आला तेव्हा खांबाखालीच उभा राहिला. "आधी सगळ्यांनी मोटरी बंद करा, मगे मी डिओ घालतंय. सगळे एकदम लागल्यार तो टिकतलो कसो?"

मग कोणीतरी सुचवलं की ऑटोला टायमर लावू, लाईट आल्यावर पाच मिनिटांनी मोटर सुरू होईल. सगळ्यांनी देवगडातल्या एकाच दुकानातून एकच टायमर आणला, सगळ्यांचं सेटिंग पाच मिनिटं. लाईट आली, पाच मिनिटं एकदम शांत गेली, आणि सहाव्या मिनिटाला फाट्. शेवटी वायरमननेच प्रत्येक स्टार्टरच्या पेटीवर खडूने आकडा लिहून दिला, तुमची तीन मिनिटं, काकांची अकरा, आमची सात, आणि त्यानंतर मोटरींमुळे डिओ उडाला नाही.

मी हे सगळं पडवीत बसून बघत होतो आणि मला राहून राहून महिनाभरापूर्वीची ती सकाळ आठवत होती, कारण मी माझ्या कोडमध्ये अगदी हेच करून ठेवलं होतं.

झालं असं, की आमच्या इकडच्या काही बागायतदारांसाठी मी एक साधं बुकिंगचं पेज बनवलंय, मुंबई-पुण्याची माणसं त्यावर हापूसच्या पेट्या बुक करतात. आज किती पेट्या शिल्लक हे पेजवर सतत दिसावं म्हणून मी दर चार सेकंदांनी सर्व्हरला विचारत होतो, आणि उत्तर आलं नाही तर लगेच अजून तीनदा. लिहिताना वाटलं होतं की आमच्याकडे नेटवर्क कधी असतं कधी नसतं, तीनदा प्रयत्न केलेला बरा. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात एका सकाळी लिंक बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली आणि साधारण चारशे जणांनी पेज एकदम उघडून ठेवलं. आता हिशोब बघा. चारशे पेजेस, दर चार सेकंदांनी एक रिक्वेस्ट, म्हणजे सेकंदाला १००. छोटा सर्व्हर होता, कसाबसा पेलत होता. मग डेटाबेसची कनेक्शन्स संपली, सर्व्हर ५०३, म्हणजे "आत्ता जमत नाही" असं उत्तर, द्यायला लागला, आणि त्याच क्षणी प्रत्येक पेज एकाच्या जागी चार रिक्वेस्ट मारायला लागलं, सेकंदाला ४००. बरा असताना १०० आणि आजारी पडला की ४००! मी रीस्टार्ट करत होतो, तो वीस सेकंद उभा राहायचा आणि परत आडवा व्हायचा. डिओ घालायचा, उडायचा, तसंच.

त्यात दुपारी डोंबिवलीच्या एका ताईंचा फोन. दोन पेट्या हव्या होत्या, मेसेज आला सहा पेट्यांचा.

"ताई, बटन कितीदा दाबलंत?"

"एकदाच हो. नुसतं गोल गोल फिरत होतं, मी हातसुद्धा लावला नाही परत."

त्यांचं खरं होतं. तो तीनदा प्रयत्न करणारा कोड मी बुकिंगच्या पोस्ट रिक्वेस्टलाही, म्हणजे सर्व्हरवर नवी नोंद करणाऱ्या रिक्वेस्टलाही, लावला होता. पहिली रिक्वेस्ट पोचली होती, बुकिंगही झालं होतं, फक्त उत्तर परत यायला उशीर झाला आणि माझ्या पेजने ते फेल समजून परत पाठवलं, परत पाठवलं. त्या दिवशी अशा अकरा ऑर्डरी निघाल्या आणि प्रत्येकाला फोन करून विचारावं लागलं. पेट्या पिकत होत्या आणि आम्ही हिशोब जुळवत बसलो होतो, ती संध्याकाळ मी विसरणार नाही.

तर यावरचा इलाज म्हणजे एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ. नाव मोठं आहे पण गोष्ट साधी आहे, फेल झालं की थांबायचं, परत फेल झालं की दुप्पट थांबायचं. १ सेकंद, २, ४, ८, १६, ३२, आणि कुठेतरी वरची मर्यादा घालायची, मी ६० सेकंद ठेवलीये. यश आलं की परत पहिल्यापासून. दुप्पट का, तर समोरचा किती वेळ आजारी राहणार हे आपल्याला माहीत नसतं. दोन सेकंदांचा झटका असेल तर पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नातच काम होतं, आणि अर्ध्या तासाचं दुखणं असेल तर आपण आपोआप लांब जातो.

पण हे अर्धंच औषध आहे, आणि बरेच जण इथेच थांबतात. सर्व्हर एका क्षणी पडला म्हणजे चारशे पेजेस एकाच क्षणी फेल झाली, मग ती एकाच वेळी १ सेकंद थांबणार, एकाच वेळी २, एकाच वेळी ४. गर्दी कमी झाली नाही, नुसती पुढे ढकलली. हाच तो दुकानातला पाच मिनिटांचा टायमर. म्हणून प्रत्येकाच्या थांबण्यात थोडं रँडम पाहिजे, त्याला जिटर म्हणतात, आणि वायरमनने खडूने लिहून दिला तो जिटरच होता. मी वापरतो तो प्रकार असा, की थांबायची वेळ ३२ सेकंद निघाली तर ० ते ३२ मधला कुठलाही आकडा काढायचा आणि तेवढं थांबायचं. चारशे पेजेस ६० च्या मर्यादेला पोचली तरी सरासरी ३० सेकंदांनी एक रिक्वेस्ट, म्हणजे सेकंदाला तेराच्या आसपास. ४०० वरून १३! हा आकडा कागदावर मांडला तेव्हा मी अक्षरशः उठून अंगणात एक चक्कर मारून आलो.

आणि ही युक्ती आपल्या ब्राउझरपेक्षा खूप जुनी आहे. १९७० च्या दशकात इथरनेट, म्हणजे कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडायची पद्धत, तयार झालं तेव्हा सगळी मशीन्स एकाच केबलवर बोलायची, दोघं एकदम बोलले की टक्कर. मग नियम असा, की पहिल्या टकरीनंतर ० किंवा १ स्लॉट (वेळेचा ठरलेला छोटा तुकडा) थांब, दुसरीनंतर ० ते ३ मधलं काहीही, तिसरीनंतर ० ते ७, असं वाढत वाढत ० ते १०२३ पर्यंत, आणि १६ प्रयत्न फुकट गेले की सोडून दे. १० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये हा एक स्लॉट ५१.२ मायक्रोसेकंदांचा. म्हणजे दुप्पट करणं, रँडम आणि वरची मर्यादा, तिन्ही गोष्टी तेव्हाच होत्या. आणि गर्दीत सगळे परत परत पाठवत राहिले तर काय होतं तेही इंटरनेटने १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये बघितलंय, अमेरिकेत बर्कलीची लॅब आणि तिथलीच युनिव्हर्सिटी, मध्ये अंतर ४०० यार्ड, आणि त्या लाईनचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला. व्हॅन जेकबसनने त्यावर काम केलं, त्याचा पेपर १९८८ चा, आणि टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवायचे नियम, गर्दीत कसं वागतं त्याचा पाया तिथे आहे.

आता ब्राउझरमध्ये हे लिहिताना मला जिथे जिथे ठेच लागली ते सांगतो. फेच म्हणजे जावास्क्रिप्टमधून सर्व्हरला विचारायचं फंक्शन, त्याला ५०३ आला म्हणजे एरर आली असं तो मानतच नाही, नेटवर्कच तुटलं तरच कॅचमध्ये, म्हणजे एरर पकडणाऱ्या कोडमध्ये, जातो, त्यामुळे स्टेटस आपण बघायचा. परत प्रयत्न करायचा तो ५०३, ४२९ (फार वेळा विचारताय) असल्यांवर, ४०० (रिक्वेस्टच चुकीची) किंवा ४०४ (असं काही नाहीच) हे स्टेटस आलं तर शंभरदा विचारूनही तेच उत्तर येणार. सर्व्हर कधी कधी उत्तरासोबत रिट्राय-आफ्टर हेडर, म्हणजे "इतक्या वेळाने परत या" अशी चिठ्ठी, पाठवतो, त्यात सेकंद असतात किंवा सरळ तारीख-वेळ, तो असेल तर आपला हिशोब बाजूला ठेवून त्याचं ऐकायचं, त्याच्याआधी जायचं नाही. माझा एपीआय (पेज ज्याला विचारतं तो सर्व्हरचा भाग) वेगळ्या डोमेनवर आहे, तर हा हेडर ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये दिसतोय आणि जावास्क्रिप्टला मात्र मिळत नाहीये यात माझा आख्खा दिवस गेला, सर्व्हरने कॉर्समध्ये (दुसऱ्या डोमेनच्या पेजला काय वाचता येईल त्याचे नियम) तो हेडर एक्स्पोज करावा लागतो.

सेट-इंटरव्हल, म्हणजे दर चार सेकंदांनी रिक्वेस्ट मारणारा टायमर, मी काढूनच टाकला. आधीची रिक्वेस्ट पूर्ण झाली की नाही हे तो बघत नाही, सर्व्हर हळू झाला की एकावर एक साचत जातात. आमचा सर्व्हर एचटीटीपी १.१ वर, म्हणजे ब्राउझरशी बोलायच्या जुन्या पद्धतीवर, होता, तिथे क्रोम-फायरफॉक्स एका होस्टला एका वेळी सहाच कनेक्शन्स उघडतात, म्हणजे साठा विचारणाऱ्या सहा रिक्वेस्ट अडकून बसल्या की ताईंची बुकिंगची रिक्वेस्ट ब्राउझरमध्येच त्यांच्या मागे रांगेत. आता एक पूर्ण झाली किंवा दहा सेकंदांत अबॉर्ट केली (मध्येच सोडून दिली), की मगच पुढच्यासाठी सेट-टाइमआउट, म्हणजे एकदाच वाजणारा टायमर.

बुकिंगसाठी वेगळा इलाज. बटन दाबलं की पेज एक युनिक आयडी बनवतं आणि प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवतं, सर्व्हरने तो आधी बघितला असेल तर नवी ऑर्डर न करता जुनंच उत्तर देतो. हे केल्याशिवाय पोस्टला रिट्राय लावूच नका, अगदी कळकळीने सांगतोय.

अजून एक गोष्ट आहे जी मला फार उशिरा कळली. पेज गप्प बसून थांबलं की माणूस थांबत नाही, तो रिफ्रेश करतो, आणि रिफ्रेश झालं की आपला मोजलेला सगळा बॅकऑफ शून्यावर. म्हणजे कोड सभ्य झाला पण गर्दी तशीच. म्हणून फेल किती झाले आणि पुढचा प्रयत्न कधी, हे मी सेशन-स्टोरेजमध्ये, म्हणजे रिफ्रेशनंतरही टिकणाऱ्या ब्राउझरच्या साठ्यात, ठेवतो, आणि स्क्रीनवर मराठीत लिहून येतं, "सर्व्हरवर गर्दी आहे, २३ सेकंदांनी परत बघतो, पेज बंद करू नका", आकडा उतरताना दिसतो. खाली "आत्ता बघा" असं बटन आहे, ते दर दहा सेकंदांना एकदाच चालतं. माणसाला कळलं की कोणीतरी आपल्यासाठी प्रयत्न करतंय, तर तो चहा ठेवायला जातो, हे मी माझ्या आईच्या हातात फोन देऊन बघितलंय.

नेटवर्क परत आलं की ब्राउझर ऑनलाईन हा इव्हेंट देतो, त्यावरही लगेच धावायचं नाही. टॉवरची बॅटरी संपून परत आला की आख्ख्या गावाचे फोन एकाच मिनिटात ऑनलाईन होतात, तिथेही जिटर हवाच. वेबसॉकेट म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं कनेक्शन, त्याच्या आरएफसी ६४५५ या नियमांच्या कागदातसुद्धा लिहिलंय, कनेक्शन अचानक तुटलं तर पहिला परत प्रयत्न ० ते ५ सेकंदांमधला रँडम वेळ थांबून करा आणि पुढे वाढवत न्या. वेबसॉकेट स्वतःहून परत जोडत नाही, ते आपल्यालाच लिहावं लागतं, म्हणून ते वाक्य खास आपल्यासाठी आहे.

या वर्षी पाडव्याच्या आधी मी आणि मामेभावाने मुद्दाम परीक्षा घेतली. त्याने टेस्ट सर्व्हरवर चारशे खोटी पेजेस सोडली, सर्व्हर मी पाच मिनिटं बंद ठेवला आणि ९ वाजून ६ मिनिटांनी चालू केला. लॉग बघत बसलो. पहिल्या सेकंदाला आठ रिक्वेस्ट, मग सोळा, मग अकरा, मग चौदा. ९ वाजून ७ मिनिटांच्या आत सगळी पेजेस परत आली होती, बंद असताना दाबलेली बुकिंग्ज प्रत्येकी एकदाच नोंदली गेली होती, आणि मशीनचा सीपीयू तीस टक्क्यांच्या वर गेला नव्हता.