गोकूच्या बळाचा आलेख : नोंद सातवी, उपचारकुंडातला बिंदू

‘ड्रॅगन बॉल’ या जपानी चित्रकथेचा (मांगाचा) नायक गोकू याचे बळ कथेत कसकसे वाढत जाते, याचा आलेख मी हाताने काढत आहे. मागच्या नोंदीत मी लिहिले होते की नामेक ग्रहावरच्या पर्वाचा आलेख पूर्ण झाला असून आता केवळ शाई चढवायची राहिली आहे. ते विधान मला मागे घ्यावे लागत आहे. शाई चढवताना एका बिंदूपाशी हात थांबला आणि गेले तीन रविवार त्या एकाच बिंदूवर खर्ची पडले.

आधी जे जमले ते सांगतो. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात तीन चक्रांचा सेमी-लॉग आलेखकागद (ज्याच्या उभ्या अक्षावर प्रत्येक चक्रात आकडा दहा पट होतो) अखेर मिळाला. संगणकावर हा आलेख काही मिनिटांत निघतो. परंतु पेन्सिलीने बिंदू मांडताना प्रत्येक आकड्यापाशी थांबावे लागते आणि तसे थांबल्याखेरीज वाढीचा वेग नीट उमगत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. दोन कागद जोडल्यावर 100 ते 10 कोटींपर्यंतची पट्टी तयार झाली. एकामागून एक आलेल्या शत्रूंपैकी राडिट्झसमोर वजनदार कपडे उतरवल्यानंतरचा 416, नाप्पासमोरचा 8000 हून अधिक आणि गिन्यूसमोरचा 1,80,000 हे तिन्ही बिंदू व्यवस्थित बसले. (नाप्पाच्या वेळचा 9000 हा आकडा इंग्रजी डबिंगमधला आहे, मूळ जपानीत 8000 च आहे, त्यामुळे कृपया तोच धरावा.) तीन खंड एकत्र बांधलेल्या आवृत्तीत स्काउटरवरचे (बळ मोजणाऱ्या यंत्रावरचे) बारीक आकडे शिवणीत दडतात, म्हणून या कामासाठी सुटे खंडच घ्यावेत, असे मी पुन्हा सुचवतो.

आता त्या अडलेल्या बिंदूविषयी. 1,80,000 हा आकडा कायोकेनसह (बळ तात्पुरते वाढवणाऱ्या, इथे दुप्पट करणाऱ्या, तंत्रासह) आहे. मूळ बळ 90,000 धरले, तर नाप्पाच्या वेळेपासूनची वाढ सुमारे अकरा पट होते, आणि ती नामेककडे जाणाऱ्या यानातल्या सहा दिवसांच्या प्रवासात झालेली आहे. पुष्कळ वाचक याच झेपेला अवाजवी म्हणतात. मला ती तशी वाटत नाही. त्या सहा दिवसांत शंभर पट गुरुत्वाकर्षणाखाली धडपडणारा गोकू आपल्याला अधूनमधून दिसत राहतो, आणि तिकडे नामेकवर त्याचा मित्र क्रिलिन व मुलगा गोहान जीव मुठीत धरून लपत असल्यामुळे तो प्रवास वाचकाला सहा दिवसांहून कितीतरी लांब वाटतो.

खरा अडसर त्यानंतर येतो. गिन्यूशी झुंज संपल्यावर जखमी गोकूला नामेकवरचा मुख्य खलनायक फ्रीझा याच्या यानातल्या उपचारकुंडात (जखमा भरून काढणाऱ्या टाकीत) ठेवतात, आणि बाहेर आल्यावर तो फ्रीझाच्या अंतिम रूपाशी कायोकेनशिवाय लढू लागतो. मांगा 1995 मध्ये संपल्यानंतर निघालेल्या ‘दाइझेन्शू’ या मार्गदर्शक ग्रंथमालेच्या 1996 मधल्या सातव्या खंडात त्या वेळचे त्याचे मूळ बळ 30 लाख दिले आहे, म्हणजे काही तासांत तेहतीस पट वाढ. सुपर सैयान (गोकूच्या सैयान या लढवय्या वंशाचे दंतकथेतले रूप) झाल्यावरची पन्नास पट वाढ आकड्याने याहून मोठी आहे आणि त्यातून येणारा 15 कोटींचा बिंदू माझ्या कागदाबाहेरही जातो. परंतु तिच्यामागे क्रिलिनचा मृत्यू आहे आणि दुसरा सैयान व्हेजिटा याने आधीपासून सांगितलेली दंतकथा आहे. उपचारकुंडामागे असे काहीच नाही. मृत्यूच्या दारातून परतलेला सैयान अधिक बलवान होतो, हा नियम मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. पण गिन्यू शरीरांची अदलाबदल करू शकतो, आणि इथे गोकूच्या शरीराला बहुतेक मार बसला, तेव्हा त्या शरीरात गिन्यू होता. वेदना एकाने सोसली आणि बळ दुसऱ्याला मिळाले, ही गोष्ट मला बिंदू मांडेपर्यंत जाणवली नव्हती.

याच नियमाचा व्हेजिटाच्या बाबतीतला वापर पाहा. तो क्रिलिनकडून स्वतःवर मुद्दाम वार करून घेतो, जखमा बऱ्या करू शकणारा नामेकचा मुलगा डेंडे त्याला बरे करायला आधी साफ नकार देतो, आणि एवढे करून मिळालेले बळही फ्रीझापुढे तोकडे पडून तो मरतो. ही झेपही फार मोठी आहे, तरी ती वाचताना खटकत नाही.

पहिल्यांदा मला वाटले की दोष केवळ दाइझेन्शूच्या आकड्याचा असावा, कारण मांगाकार तोरियामांनी 30 लाख हा आकडा मांगात काढलेलाच नाही. म्हणून ग्रंथातले आकडे खोडून मी केवळ मांगातला पुरावा वापरला. फ्रीझा आपले पहिल्या रूपातले बळ 5,30,000 सांगतो आणि दुसऱ्या रूपातले दहा लाखांहून अधिक. अंतिम रूप त्याहून निश्चितच वरचे आहे. त्यामुळे गोकूसाठी दहा लाखांवर वर जाणारा एक बाण तरी काढावाच लागतो, आणि तेवढ्यानेही ती वाढ अकरा पटींच्या वर जाते. यानातल्या सहा दिवसांएवढी वाढ कुंडातल्या काही तासांत झाली, हे मग कोणत्याही मार्गाने टळत नाही.

हे लिहीत असतानाच एक गोष्ट लक्षात आली. आडव्या अक्षावर मी कथेतले दिवस घेतले आहेत, तेच मुळात बदलायला हवे. तिथे पाने घ्यावीत, आणि पानेही सगळी न मोजता त्या वाढीची किंमत कोणीतरी मोजताना दिसते तेवढीच मोजावीत. गोकूने मोजलेली काळ्या शाईने आणि इतरांनी मोजलेली तांबड्या शाईने. त्यामुळे पुढच्या, सेल या खलनायकाच्या पर्वाकडे वळण्याचा बेत मी पुढे ढकलत आहे. त्या पर्वातल्या, एका दिवसात एक वर्ष देणाऱ्या खोलीला हा नवा अक्ष लावण्याची मला फार उत्सुकता आहे, पण आधी नामेकची पाने पहिल्यापासून मोजायची आहेत. आज रात्री त्या पर्वाचे सुटे खंड कपाटातून काढून ठेवले आहेत.