उंच धारेवरची सफर आणि मऊ पडलेला फोर्क

दरीतल्या उबदार जंगलातून दिवसभर चढून उघड्या धारेवर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या दगडाळ उताराने खाली यायचे, अशी ही माउंटन बाइकची सफर होती. चढाची वाट लांब असली तरी मळलेली आहे, त्यामुळे तिच्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पाणी मात्र खालूनच भरून न्यावे. खरी परीक्षा उतारावर होते आणि तिथे सायकलीचा पुढचा सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा आणि धक्के झेलणारा भाग, मऊ असेल तर चाक दगडांत रुतते, हँडल खाली जाते आणि स्वाराचे वजन नको तितके पुढे येते. आमच्यावर ही वेळ उतार सुरू होण्याआधीच आली, म्हणून या वृत्तांताचा मोठा भाग फोर्कवरच खर्च होणार आहे.

माझा फोर्क १४० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे जास्तीत जास्त तितका दबणारा, आणि हवेच्या स्प्रिंगचा आहे; आत भरलेली हवाच त्यात स्प्रिंगचे काम करते. निघण्यापूर्वी पाठीवरची पिशवी आणि पाणी यांसह सायकलीवर उभे राहून मी सॅग मोजला होता, म्हणजे नुसत्या वजनाने फोर्क किती दबतो ते पाहिले होते. तो २८ मिलिमीटर, म्हणजे २० टक्के होता. अशा वाटांसाठी १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यानचा सॅग सामान्यतः योग्य मानतात. फोर्कमधला दाब त्या वेळी ८० पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड) होता आणि हवेचे तापमान सुमारे ३० अंश सेल्सिअस. पिशवी काढून घेतलेले माप अशा सफरीत निरुपयोगी ठरते, हे मुद्दाम नोंदवतो.

धारेवर पहाटे तापमान ५ अंशांपर्यंत उतरले होते. सायकलीवर उभे राहताच स्टँशनवरचे (फोर्क दबताना आत सरकणाऱ्या वरच्या नळीवरचे), फोर्क किती दबला ते दाखवणारे रबरी ओ-रिंग ३८ मिलिमीटरवर जाऊन थांबले. अशा वेळी हात आपोआप फोर्कमध्ये हवा भरायच्या शॉक पंपाकडे जातो. पण पंप मारण्याआधी थोडा हिशेब करणे फायद्याचे असते. दाबमापक वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, त्यामुळे ८० पीएसआय म्हणजे प्रत्यक्षात जवळपास ९५. तापमान ३० वरून ५ अंशांवर आले की हा आकडा सुमारे ८७ होतो आणि मापकावर ७२ दिसायला हवेत. आम्ही दीडएक हजार मीटर वर आलो होतो. तिथे बाहेरची हवा विरळ असल्याने मापकावर दोनएक पीएसआय वाढतात. पंप जोडताना त्याच्या नळीत थोडी हवा शिरते आणि आकडा पुन्हा घसरतो; माझ्या पंपाच्या बाबतीत ही घसरण चार-पाच पीएसआयची आहे. म्हणजे साधारण ७० दिसायला हवे होते, आणि दिसले ६१. थंडीने जितके न्यायचे तितके नेले होते, उरलेली हवा कुठून तरी निसटत होती.

पंप काढून व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडले. काही क्षण काहीच दिसले नाही, मग काठाशी मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला आणि त्याच जागी दुसरा उगवला. व्हॉल्व्ह कोर, म्हणजे व्हॉल्व्हमधला हवा अडवणारा आतला भाग, छोट्या अवजाराने पाव फेरा घट्ट करताच बुडबुडे थांबले. हे अवजार वजनाला नगण्य असते, ते सोबत ठेवावेच. पंप काढताना होणारा फुस्स आवाज मात्र बहुतांशी नळीतल्या हवेचा असतो. त्याला घाबरून जास्तीची हवा भरू नये.

हवा भरण्याचीही रीत आहे. आजच्या बहुतेक एअर फोर्कमध्ये वरच्या कप्प्यासोबत उलट दिशेने दाब देणारा एक निगेटिव्ह कप्पा असतो आणि फोर्क थोडा दबल्यावरच हवा एका खाचेतून त्यात जाते. त्यामुळे थोडी हवा भरली की फोर्क सावकाश काही वेळा दाबावा, दाब पुन्हा पाहावा आणि मग पुढे भरावे. मापकावर दाब योग्य असूनही मोकळा सोडलेला फोर्क पूर्ण लांब होत नसेल, म्हणजे १४० ऐवजी १२५ मिलिमीटरच स्टँशन दिसत असेल, तर निगेटिव्ह कप्प्यात जास्त हवा अडकलेली असते. दाबून-ताणूनही फरक पडला नाही तर आतले सील गेलेले असण्याची शक्यता मोठी. ते काम वाटेत होत नाही.

सॅग जागेवर आला आणि आम्ही उतरू लागलो, तरी तक्रार संपली नव्हती. सलग दगडांच्या पट्ट्यात फोर्क पुन्हा मऊ भासू लागला. दगड लहानच होते, तरी ओ-रिंग ट्रॅव्हलच्या शेवटाजवळ पोहोचले होते. इथे हवेचा दोष नव्हता. थंडीने डॅम्परमधले, म्हणजे फोर्कची हालचाल आवरणाऱ्या भागातले, तेल घट्ट होते आणि रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत लांब होण्याचा वेग, मंदावतो. एका दगडानंतर फोर्क पूर्ववत होण्याआधीच दुसरा दगड येतो, आणि प्रत्येक धक्क्याला तो आधीपेक्षा खालून सुरुवात करतो. तळाचे रिबाउंडचे बटण दोन क्लिक वेगाच्या दिशेने फिरवल्यावर सायकलीचा पुढचा भाग पुन्हा वर राहू लागला. या प्रसंगी हवा वाढवली असती तर हातांना धक्के बसले असते आणि मूळ कारण तसेच राहिले असते.

ब्रेक लावताच पुढचा भाग झुकणे हा आणखी वेगळा प्रकार. सॅग बरोबर असूनही तसे होत असेल, तर मंद गतीचे कॉम्प्रेशन, म्हणजे फोर्क सावकाश दबताना होणारा विरोध, एक-दोन क्लिक वाढवावे. फक्त मोठ्या उड्यांनाच फोर्क तळाला आपटत असेल, तर आत व्हॉल्यूम टोकन, म्हणजे हवेची जागा कमी करणारा तुकडा, घालणे हा उपाय आहे, पण ते घरीच करावे. पुढचा ब्रेक धरून सायकल मागे-पुढे हलवून हेडसेटही, म्हणजे फोर्क जिच्यावर वळतो ती सायकलीच्या सांगाड्यातली बेअरिंगची जोडी, तपासावा. त्याची ढिलाई अनेकदा फोर्कच्या माथी मारली जाते.

सोबतच्या मैत्रिणीच्या फोर्कमध्ये कॉइल (धातूच्या वेटोळ्याची) स्प्रिंग होती आणि त्या फोर्कला थंडीचा उपद्रव फारसा झाला नाही. मात्र पिशवीच्या भाराने तो सुरुवातीपासूनच मऊ होता. प्रीलोडचे, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारे, बटण घट्ट केल्याने सॅग थोडा कमी झाला, पण स्प्रिंगचा ताठपणा त्याने बदलत नाही. मैत्रिणीला जास्त ताठ स्प्रिंगच बसवावी लागेल.

दुपारी दरीत परतलो तेव्हा ऊन तापले होते आणि फोर्क कडक झाला होता, कारण सकाळी थंडीत भरलेली हवा आता प्रसरण पावली होती. सॅग पुन्हा मोजून तितकी हवा काढली आणि रिबाउंडचे दोन क्लिक परत फिरवले. मागून येणाऱ्यांनी धारेवर आणि उताराच्या पायथ्याशी अशा दोन्ही ठिकाणी माप घेण्यासाठी वेळ राखून ठेवावा. लॉकआउट, म्हणजे फोर्कचे दबणे जवळपास रोखणारी कळ, लावूनही फोर्क नेहमीसारखाच दबत असेल, तर डॅम्पर नादुरुस्त आहे असे समजावे. तेव्हा पाच-दहा पीएसआय जास्त भरून, वेग आवरून सोप्या वाटेने उतरावे आणि दुरुस्ती होईपर्यंत दगडाळ उतार टाळावा.