एक शतक वाढले तर

गावसकर मोठा की तेंडुलकर, हा वाद रंगतो तेव्हा 'कोणत्या बाबतीत मोठा' हे सहसा कुणी विचारत नाही. शाळेत उपमा अलंकार शिकताना साधारणधर्म, म्हणजे ज्या गुणाबाबत तुलना होते तो गुण, पाठ केलेला असतो, पण तो परीक्षेपुरताच. एकदिवसीय सामन्यांपुरते विचारले, तर वाद उरतच नाही : तेंडुलकरच्या १८,४२६ धावा आणि ४९ शतके, गावसकरच्या ३,०९२ धावा आणि एकच शतक. (१९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर गावसकरने साठ षटके खेळून काढलेल्या त्या नाबाद ३६ धावांविषयी न बोललेलेच बरे.)

खरी अडचण कसोटीची आहे. गावसकरने नव्या चेंडूला सामोरे जात १२५ कसोट्यांत ५१.१२ ची सरासरी राखली, तेंडुलकरने बहुतांशी चौथ्या क्रमांकावर येऊन २०० कसोट्यांत ५३.७८ ची. माप एकच असूनही निवाडा होत नाही. मग दोघे सारखेच, असे म्हणून मोकळे व्हावे का?

इथे जोसेफ राझ यांच्यासारख्या तत्त्वज्ञांचा एक युक्तिवाद उपयोगी पडतो. दोघे खरोखर समसमान असतील, तर एका पारड्यात कणभर भर पडताच ते झुकले पाहिजे. समजा, तेंडुलकरच्या नावावर कसोटीत ५१ ऐवजी ५२ शतके असती. तो तेंडुलकर आजच्या तेंडुलकरपेक्षा किंचित सरस ठरला असता, हे निर्विवाद. पण ज्याला आजवर निवड करता आली नाही, त्याचा पेच त्या एका शतकाने सुटला नसता. म्हणजे दोघे समान नाहीत, आणि कुणी एक सरसही नाही.

राझ यांच्या मते अशा जोडीची तुलनाच होऊ शकत नाही. तत्त्वज्ञ रूथ चँग यांना ते मान्य नाही. सरस, उणे आणि समान यांपलीकडे त्या चौथे नाते मानतात, ज्याला आपण तोडीस तोड म्हणू. मला चँग यांचे पटते. विसाच्या सरासरीचा सलामीवीर तेंडुलकरपेक्षा उणा आहे, हे सांगताना कुणीही कचरत नाही, म्हणजे सलामीवीर आणि चौथ्या क्रमांकाचा फलंदाज यांची तुलना होते. त्याच सलामीवीराचा खेळ एकेका धावेने सुधारत गावसकरपर्यंत नेला, तर वाटेत नेमक्या कोणत्या धावेला तुलना अशक्य झाली, हे राझ यांच्या बाजूने बोलणाऱ्याने दाखवायला हवे. आणि तशी धाव मला तरी सापडत नाही.